रिमोट कॅलिब्रेशन शिकताना आधी स्टेटस वाचायला शिका

रिमोट कॅलिब्रेशन म्हणजे कॉम्प्युटरवरून कमांड पाठवून मीटर तपासणं आणि ॲडजस्ट करणं. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडून डिप्लोमा किंवा आयटीआय करून लॅबमध्ये येणाऱ्यांना पायथॉन चटकन जमतं. अडतं ते दुसरीकडेच. कमांड गेली, स्क्रीनवर काही लाल दिसलं नाही, म्हणजे मीटर ॲडजस्ट झाला असं धरून चालतात. मीटर कमांड नाकारतो तेव्हाही प्रोग्रामला आपणहून काही कळवत नाही. एरर रांगेत लिहून ठेवतो. विचारलं तरच सांगतो.

पहिली कमांड *आयडीएन? (उपकरणाची ओळख विचारणारी) आणि उत्तरातलं मॉडेल जॉब कार्डाशी जुळवून बघायचं. सिरियल नंबर मात्र मीटरच्या लेबलवरून जुळवा; ३४४०१ए उत्तरात त्या जागी ० देतो. या ३४४०१ए मल्टिमीटरचा जीपीआयबी (उपकरणं कॉम्प्युटरला जोडणारी केबल-व्यवस्था) पत्ता कारखान्यातून २२ येतो. असे दोन मीटर एकाच केबलवर चढवले की घोळ ठरलेलाच.

मग *सीएलएस (जुन्या नोंदी पुसायला), *ईएसई ६१ (कोणत्या घटनांची दखल घ्यायची), *एसआरई ३२ (ती दखल प्रोग्रामला कळवायला). हा ६१ पाठ न करता फोडून बघा: १ काम पूर्ण, ४ क्वेरीची चूक, ८ उपकरणाची, १६ अंमलबजावणीची, ३२ कमांडची. सेटिंग पाठवल्यावर *ओपीसी (काम संपलं की नोंद कर) द्या, स्टेटस बाइटमध्ये ३२ चा बिट उठेपर्यंत सिरियल पोल करा, म्हणजे तो बाइट पुन्हा पुन्हा वाचा, आणि मग *ईएसआर? ने घटनांचं रजिस्टर वाचा. १ आला तर ठीक. १७ आला तर काम संपलंय, पण एखादी किंमत मीटरने नाकारलीय. ३३ असेल तर बहुधा स्पेलिंग चुकलंय. हे रजिस्टर वाचताच रिकामं होतं, म्हणून एकदाच वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवा. नेमका एरर हवा तर सिस्ट:एरर? शून्य येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारा. उणे ११३ म्हणजे कमांड ओळखलीच नाही.

ॲडजस्ट करण्याआधी मीटर आला त्या स्थितीतली सगळी रीडिंग घ्या. ही पायरी गाळली तर वर्षभर मीटर चुकीचं दाखवत होता का, याचा पुरावाच पुसला जातो. ग्राहकाला खरं तर तेच हवं असतं.

ॲडजस्ट करताना सिक्युरिटी कोड देऊन कुलूप उघडायचं, कॅल:व्हॅल ने खरी किंमत सांगायची आणि कॅल? विचारायचं. उत्तर ० म्हणजे जमलं, १ म्हणजे फसलं. पायव्हिसाचा (पायथॉनमधून उपकरणांशी बोलणारी लायब्ररी) टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, मुळात २ सेकंदांचा असतो. एसीच्या पायऱ्यांना तो पुरत नाही. प्रोग्राम कंटाळून पुढची कमांड पाठवतो, मीटर उणे ४१० (आधीचं उत्तर न वाचताच पुढची कमांड आली) नोंदवतो आणि दोष केबलवर जातो. टाइमआउट सरळ ३० सेकंद करा.

आता आपल्याकडचा उन्हाळा. या मीटरचं एक वर्षाचं स्पेसिफिकेशन २३ अधिक-उणे ५ अंश सेल्सिअसला, तेही तासभर वॉर्म-अप झाल्यावर लागू होतं. बाहेर पारा ४५ असताना कूलरवर भागत नाही: आर्द्रता वाढते आणि झोत टर्मिनलवर आला की दोन बाजूंचं तापमान वेगळं होतं. तांबं आणि सोल्डरच्या सांध्यात एका अंशाला साधारण ५ मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. १०० मिलिव्होल्ट रेंजमध्ये स्पेसिफिकेशनमध्ये रेंजपोटी मिळणारी चुकीची सूट अवघी ३.५ मायक्रोव्होल्ट. म्हणून झिरोसाठी (शून्य ॲडजस्ट करायला) टर्मिनल जोडणारा शुद्ध तांब्याचाच शॉर्ट वापरा, काळवंडलेला असेल तर घासून घ्या, आणि लावल्यावर काही मिनिटं हात लावू नका. झिरो झाल्यावरच गेन, म्हणजे खरी किंमत देऊन करायचं ॲडजस्टमेंट.

कॉम्प्युटर यूपीएसवर आणि मीटर मात्र साध्या लाइनवर, हे बऱ्याच ठिकाणी दिसतं. लाइट क्षणभर गेली तर स्क्रिप्टला पत्ताही लागत नाही. *ईएसआर? मध्ये १२८ दिसला तर मीटर मध्येच बंद होऊन चालू झालाय. स्क्रिप्ट तिथेच थांबवा, तासभराचं वॉर्म-अप पुन्हा मोजा.

१००० व्होल्टची पायरी शेवटी ठेवा. त्या वेळी टेबलापाशी माणूस हवा, आणि लीड बदलण्याआधी कॅलिब्रेटर (मीटरला खरी किंमत पुरवणारं उपकरण) स्टँडबायवर, म्हणजे आउटपुट बंद, आहे हे त्यालाच कमांडने विचारून खात्री करा. रिमोट म्हणजे खोलीबाहेरून नव्हे.

संपल्यावर कुलूप लावा आणि कॅल:काउन? चा (आजवर किती वेळा कॅलिब्रेशन झालं तो) आकडा कामाआधीचा व नंतरचा, दोन्ही रिपोर्टात लिहा. पुढच्या वर्षी तो वाढलेला दिसला, तर मधे कुणीतरी मीटरला हात लावलाय.