वेगवेगळ्या काळातल्या बॅट्समनची क्रमवारी कशी लावायची : माझी पद्धत

ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमनचं टेस्ट अ‍ॅव्हरेज (दर आऊटमागे किती रन) 99.94 आणि सचिनचं 53.78 शेजारीशेजारी लिहायचं आणि विषय संपला म्हणायचं, हे मला पटत नाही, आणि ‘ब्रॅडमनला कुठे अक्रम-वॉर्नसारखे बॉलर खेळावे लागले’ म्हणून त्याला खाली ढकलणं तर त्याहून पटत नाही. दोघं वेगळ्या काळात खेळले, त्यामुळे थेट तुलना करायचीच नाही. प्रत्येकाला आधी त्याच्याच काळातल्या लोकांशेजारी उभं करायचं, तो त्यांच्या किती पुढे होता ते मोजायचं, आणि मग ती अंतरं एकमेकांशी ताडून बघायची. सगळी पद्धत यावरच उभी आहे.

सुरुवातीलाच फॉरमॅट ठरवून टाका. मी फक्त टेस्ट घेतो, कारण इंग्लंडचा जॅक हॉब्स आणि वेस्ट इंडिजचा जॉर्ज हेडली या जुन्या बॅट्समनच्या वेळी वनडे नव्हत्याच, आणि टेस्ट-वनडेची खिचडी केली की हातात काहीच लागत नाही.

मग एक किमान आकडा ठरवा, नाहीतर गोंधळ होतो. अ‍ॅडम व्होजेसचं टेस्ट अ‍ॅव्हरेज 61.87 आहे, सोबर्सचं 57.78, पण व्होजेसला सोबर्सच्या वर कोणीच ठेवणार नाही, कारण तो 20 टेस्ट खेळला आणि त्यात त्याचे डाव 31. मी 40 डाव धरतो. 50 धरले की जॉर्ज हेडली बाहेर जातो, त्याचे बरोबर 40 डाव आहेत, आणि ग्रॅमी पोलॉकचे 41. जुन्या काळी टेस्टच कमी व्हायच्या, त्यात त्यांचा काय दोष?

आता गणित. साधं आहे, वहीत होतं. ब्रॅडमनच्या काळातले चार दिग्गज घ्या: हेडली 60.83, सटक्लिफ 60.73, हॅमंड 58.45, हटन 56.67. चौघांची सरासरी साधारण 59.17 येते. 99.94 ला त्याने भागा, 1.69 येतं, म्हणजे आपल्या काळातल्या सर्वोत्तम लोकांपेक्षाही हा माणूस जवळजवळ 70 टक्के पुढे होता. तेच सचिनचं करा. कॅलिस 55.37, लारा 52.88, द्रविड 52.31, पाँटिंग 51.85, सरासरी 53.10, आणि भागाकार येतो 1.01. मी सचिनची बॅटिंग बघतच मोठा झालो तरी हा आकडा लपवणार नाही. ब्रॅडमनचा पहिला नंबर इथेच पक्का होतो. ज्यांना वेळ आहे त्यांनी स्टॅट्सगुरूमध्ये (क्रिकइन्फो वेबसाइटवरचं आकडे शोधायचं साधन) जाऊन त्या त्या वर्षांतल्या एक ते सहा नंबरच्या सगळ्या बॅट्समनचं अ‍ॅव्हरेज काढावं आणि त्याने भागावं, ते जास्त नेमकं येतं.

पण भागाकारावर थांबायचं नाही. तो फक्त पहिली चाळण लावतो, पुढचं काम स्कोअरकार्ड वाचायचं.

बंगळुरू, मार्च 1987, पाकिस्तानविरुद्ध गावस्करांची शेवटची टेस्ट. चौथ्या डावात 221 हवे होते, बॉल हातभर वळत होता, अचानक उसळत होता, समोर इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद. गावस्करांनी 96 केले. बाकी दहा जणांपैकी एकालाही 30 करता आले नाहीत, भारत 204 वर ऑलआऊट आणि 16 रनांनी हरलो. अ‍ॅव्हरेजच्या खात्यात ते 96 पाटा, म्हणजे बॅटिंगला सोप्या, विकेटवरच्या 96 इतकेच पडतात. म्हणून प्रत्येक बॅट्समनचे असे चार-पाच डाव शोधा जिथे बाकीचे पडले आणि तो उभा राहिला. सचिनचे पर्थ 1992 चे 114 त्यातलेच, वय फक्त 18, आणि संघाचे सगळे मिळून 272.

आणि समोर बॉलर नक्की कोण होते तेही बघा. गावस्करांच्या वेस्ट इंडिजविरुद्ध 13 सेंच्युऱ्या हे आपण सगळेच अभिमानाने सांगतो, पण 1971 च्या सिरीजमध्ये, जिथे त्यांनी 4 टेस्टमध्ये 774 केले, वेस्ट इंडिजचा तो चार फास्ट बॉलरांचा तोफखाना अजून तयार झाला नव्हता, आणि 1978-79 ला तर केरी पॅकरच्या खाजगी क्रिकेट स्पर्धेच्या भानगडीमुळे वेस्ट इंडिजचे मुख्य खेळाडूच आले नव्हते. हे सांगितलं की लोक माझ्यावर चिडतात. पण 1983 मध्ये मार्शल आणि होल्डिंग समोर असताना दिल्लीला 121 आणि चेन्नईला नाबाद 236 आहेतच की, मग ज्यादा वजन तिथे द्या.

काळाचं माप दोन्ही बाजूंनी लावा. हॉब्सच्या वेळी हेल्मेट नव्हतं, इंग्लंडात मॅच चालू असताना पिच पावसात उघडी पडायची. 1926 ला लंडनच्या ओव्हल मैदानावर रात्री पाऊस पडून गेलेल्या विकेटवर हॉब्स आणि सटक्लिफनी 172 ची ओपनिंग दिली. पण त्याच काळात 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत ऑफ स्टंपच्या बाहेर टप्पा पडलेल्या बॉलवर एलबीडब्ल्यू देतच नव्हते, ही बॅट्समनला मोठी सोय होती, तीही लिहा.

किती वर्षं टिकला याला वेगळा रकाना द्या. सचिन इथे वर येतो: नोव्हेंबर 1989 ते नोव्हेंबर 2013, 200 टेस्ट, आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध 11 सेंच्युऱ्या.

शेवटी एक ते दहा नंबर लावू नका, गट करा. माझ्याकडे पहिल्या गटात ब्रॅडमन एकटा. दुसऱ्यात हॉब्स, हेडली, सोबर्स, गावस्कर, व्हिव रिचर्ड्स, लारा, सचिन, आणि त्यांच्यात मी नंबर लावत नाही कारण त्यांच्यातला फरक या पद्धतीने मोजता येईल इतका मोठा नाहीच.

एक पान मात्र वेगळं ठेवा, ज्यांना टेस्ट मिळाल्याच नाहीत त्यांच्यासाठी. दक्षिण आफ्रिकेचा बॅरी रिचर्ड्स, 4 टेस्ट. आणि आपले विजय मर्चंट: फर्स्ट क्लास अ‍ॅव्हरेज 71.64, पण महायुद्धात ऐन भराची वर्षं गेली आणि टेस्ट मिळाल्या 10, त्याही सगळ्या इंग्लंडविरुद्ध. 1951 ला दिल्लीत, वयाच्या चाळिशीत, 154 केले, तो त्यांचा टेस्टमधला सर्वात मोठा स्कोअर, आणि त्याच मॅचमध्ये फील्डिंग करताना खांदा दुखावला, परत टेस्ट खेळले नाहीत. त्यांचं नाव कुठल्या गटात टाकायचं हे मी अजून ठरवलेलं नाही, पण त्या पानावर ते सगळ्यात वर आहे.