‘घर’ विषयावरचं मुलांचं प्रदर्शन: सांगलीतल्या गटांसाठी तयारीची यादी

तेरा ते अठरा वयाची अठरा मुलं-मुली आणि विषय ‘घर’, एवढं ठरलं की आधी तारीख पक्की करा. जुलै-ऑगस्ट नको. भिंती दमट असतात, माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) फुगतो, डबल टेप रात्रीत सुटते. शिवाय कृष्णेचं पाणी चढलं की हॉल पूरग्रस्तांच्या निवाऱ्यासाठी लागू शकतो. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर आणि अर्धा डिसेंबर उत्तम. जानेवारीत दहावी-बारावीच्या पूर्वपरीक्षा असतात, पालक सोडत नाहीत. उद्घाटनापासून मागे आठ आठवडे मोजा आणि तिथून सुरू करा.

त्यातले पहिले तीन आठवडे रंगाला हात लावू देऊ नका. ‘घर काढा’ म्हटलं की उतरतं छप्पर, दोन डोंगर आणि मधून उगवता सूर्य येणारच. स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षं त्यालाच बक्षिसं मिळालीत, मुलांना काय बोलणार? म्हणून विषय देण्याऐवजी प्रश्न द्या. तुझं अंथरूण कुठे पडतं? फोनवर मनातलं बोलायला कुठे जातेस? दाराला कडी कोण लावतं? पुराचं पाणी येणार म्हटलं की माळ्यावर पहिल्यांदा काय चढतं? मग मोजपट्टी द्या. १० बाय १२ फुटांची खोली १:२० प्रमाणात साधारण १५ बाय १८ सेंटिमीटर होते, म्हणजे ए-थ्री कागदावर आरामात बसते आणि भोवती लिहायला जागा उरते. त्या नकाशात घरातलं प्रत्येक माणूस रात्री कुठे झोपतं ते दाखवायला सांगा. बहुतेकांचं चित्र इथेच सापडतं.

गट निवडताना एकाच शाळेवर थांबू नका. गळीत हंगामात ऊसतोड कुटुंबं येतात, त्यांची मुलं कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत राहतात. वसतिगृहातली मुलं आहेत. धरणासाठी उठलेल्या गावांतली कुटुंबं आहेत. तिथल्या मुलाला जुनं घर आजीला विचारूनच मोजावं लागेल. कागद, माउंट आणि प्रवासाचा खर्च गटानं करावा, नाहीतर ही मुलं दुसऱ्या आठवड्यात गळतात.

पुराची चित्रं येणारच, त्यात एक चूक हमखास होते. २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५), म्हणून उत्साहानं सगळ्या हॉलभर एकच निळी रेघ ओढली जाते. ते फूट नदीच्या मोजपट्टीवरचे आहेत, घरातल्या पाण्याचे नव्हेत. एका गल्लीत माळ्यापर्यंत पाणी, तर पुढच्या चढावर फक्त उंबरा भिजलेला. ज्याच्या-त्याच्या घरातली खूण फरशीपासून मोजा आणि तेवढ्याच उंचीवर त्याच्या चित्राशेजारी टेपचा तुकडा लावा.

परवानगीपत्र दोन सह्यांचं हवं: पालकाची आणि मुलाचीही. चित्राखाली पहिलं नाव, वय, माध्यम (चित्र कशानं काढलं ते), माप. पत्ता, गल्ली, घराचा ओळखू येणारा फोटो नको. शेवटच्या संध्याकाळपर्यंत चित्र मागे घेण्याची मुभा ठेवा, कारण विचारू नका. कुणाच्या कामातून मारहाण किंवा भीती दिसली, तर ते चित्र भिंतीवर जाण्याआधी जबाबदार मोठ्या माणसानं त्या मुलाशी एकांतात बोलावं. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी सगळ्यांना माहीत हवी. ‘फार बोलकं चित्र’ म्हणून तेच दर्शनी भागात लावणं हा निव्वळ निर्दयपणा.

आता भिंत. ए-थ्री आडव्या चित्राला चहूकडून ६ सेंटिमीटर माउंट दिला की रुंदी ५४ होते. अशी अठरा, मध्ये २५-२५ सेंटिमीटर मोकळी, म्हणजे सलग १४ मीटर भिंत लागते. तेवढी नसेल तर चित्रं दाटू नका, पॅनेल भाड्यानं आणा. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर ठेवा. हुकाची उंची अशी काढा: १४५ अधिक चित्राची अर्धी उंची, वजा ताणलेली तार वरच्या कडेपासून जेवढी खाली येते तेवढं. फरशीवरून मोजून सरळ रेघ मिळेल असं समजू नका, जुन्या हॉलची फरशी उताराला असते. गवंड्याचा लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी) आणा. साधी सुतळी सैलावते, तंगूस (नायलॉनचा दोरा) दुहेरी बांधा. गिलावा पोकळ वाजला तर खिळा ठोकू नका, रेलिंगवरून सोडा. काच टाळलेली बरी, ट्यूबलाइट त्यात चमकते. मात्र कोळसा आणि सॉफ्ट पेस्टलवर आधी फिक्सेटिव्हचे (रंग झडू नये म्हणूनच्या फवाऱ्याचे) दोन हलके हात मारा, तेही उघड्यावर.

पाहुण्यांची भाषणं वीस मिनिटांत आटपा. हॉलमध्ये रोज दोन मुलं आणि एक मोठं माणूस बसवा.

उतरवताना घाई होते आणि नुकसानही तेव्हाच. प्रत्येक चित्रावर बटर पेपर, वर-खाली पुठ्ठा, पेस्टलची गुंडाळी कधीच नको. मागे नाव पेन्सिलनं आधीच लिहिलेलं असावं, आणि चित्र परत देताना वहीत सही घ्यावी.