गावाचे वस्तुसंग्रहालय वाढवताना

धाराशिव जिल्ह्यातील तेरचे वस्तुसंग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांनी स्वतःच्या आवडीने जमवलेल्या संग्रहातून उभे राहिले. गावोगावी असे संग्रह सुरू होतात. पण संग्राहकाच्या पश्चात कोणती वस्तू कोठून आली हे सांगणारे कोणी उरले नाही, तर ते मुके होतात. म्हणून नव्या दालनासाठी वर्गणी गोळा करण्याआधी दाखल नोंदवही पक्की करावी.

वस्तू स्वीकारताच तिला क्रमांक द्यावा आणि देणाऱ्याचे नाव, गाव, वस्तू घरात कोणी व कशासाठी वापरली, ती कशी मिळाली, हे त्याच दिवशी लिहून त्याची सही घ्यावी. ‘जुनी पायली, पितळी’ एवढ्या नोंदीचा उपयोग नाही. ती कोणत्या वाड्यातली, तिने सालगड्याचे धान्य मोजले जाई की बाजारातले, आणि काठाजवळ शिक्का आहे का, हे लिहिले तरच ती इतिहासाचे साधन ठरते. धातूवर क्रमांक थेट कोरू नये. पुढे सहज काढता येईल अशा पारदर्शक लेपाच्या थरावर तो शाईने लिहावा. कापडाला क्रमांकाची फीत सैल टाक्यांनी शिवावी, तर कागदावर मऊ शिसपेन्सिलच वापरावी.

मराठवाड्यात कागदपत्रांचा भाग विशेष समृद्ध आहे. हैदराबाद संस्थानाच्या काळातील दप्तरे मोडीत आणि उर्दूत आढळतात व त्यांवर बहुधा फसली सन, म्हणजे महसुलासाठी वापरली जाणारी कालगणना, असतो. त्यात साधारण 590 मिळवले की इसवी सन कळतो. म्हणजे 1357 फसलीची साधी महसुलाची पावतीही 1947-48 ची, मुक्तिसंग्रामाच्या ऐन धामधुमीतली ठरते. अशा कागदांना चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते पूर्ववत करता येत नाही. वाळवीच्या भीतीने कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे आणि पावसाळ्यात दर आठवड्याला उघडून पाहावे.

शेतात नांगरताना नाणी सापडल्यास ती परस्पर स्वीकारू नयेत; 1878 च्या निखात निधी (पुरलेले धन) कायद्यानुसार अशा धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींबाबत 1972 च्या पुरावशेष कायद्यातील नोंदणीचे नियमही आधी पाहावेत.

आठवणींचे ध्वनिमुद्रण मात्र लांबणीवर टाकू नये. रझाकारांच्या काळात गाव सोडून संस्थानाच्या सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत गेलेली माणसे आता मोजकीच उरली आहेत. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारी भूकंप अनुभवलेली पिढीही उतारवयाकडे झुकते आहे.

संग्रह वाढू लागला की सर्व काही मांडण्याचा मोह होतो. तो टाळून निवडक वस्तूच दालनात ठेवाव्यात आणि जुनी वस्त्रे व कागद दर काही महिन्यांनी बदलावेत, कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, नोंदवही आणि वस्तू समोरासमोर ठेवून पडताळणी करावी. न सापडलेल्या वस्तूची नोंद खोडू नये; पुढे तारीख व शेरा लिहावा आणि नोंदवहीची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी.