आपत्तीचा आराखडा रात्रपाळीच्या वॉचमनसाठी लिहा

विद्यापीठाचा आपत्ती आराखडा बहुतेक ठिकाणी स्पायरल बाइंडिंग करून कपाटात ठेवलेला असतो. समितीवर मोठमोठी पदं, आणि ती सगळी माणसं संध्याकाळी सहाला घरी. मी नाशिकला, गंगापूर रोडच्या बाजूला, मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. माझं म्हणणं एवढंच, की आराखडा रात्री दोनला आवारात जे असतात त्यांच्यासाठी लिहा. म्हणजे वॉचमन काका, मेसच्या मावशी आणि प्रत्येक मजल्यावरच्या दोन-दोन सीनियर पोरी.

सुरुवात किल्ल्यांपासून करा. मुलींच्या वसतिगृहात मागच्या जिन्याला कुलूप ठोकायची भारी हौस असते, पालकांनाही तेच हवं असतं. जिन्यात धूर भरला की त्या कुलपाची किल्ली कोण शोधणार? आतून ढकलल्यावर उघडणारा आडवा दांडा त्या दाराला बसवून घ्या आणि दार उघडताच गेटवर बेल वाजेल अशी सोय करा. पोरी गुपचूप बाहेर जातील ही काळजीही मिटते. खिडक्यांच्या गजांना मजल्यावर निदान एक उघडणारी झडप हवी. सायरन विजेवर चालत असेल तर जोडीला हाताने वाजवायची घंटा टांगा.

आग लागते ती बहुधा खोलीतच. डिसेंबरात निफाडचा पारा उतरला की इकडे बादलीत पाण्याचे रॉड पडतात. झडती घेऊन रॉड जप्त करण्याचा फारसा उपयोग नसतो. पोरी तो गरम असतानाच कपाटात कपड्यांखाली दडवतात, ते जास्त वाईट. त्यापेक्षा गरम पाण्याची वेळ वाढवून घ्या.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे बी फॉर्म म्हणतात, दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. कागद आला म्हणून खूश होऊ नका, भिंतीवरच्या आग विझवायच्या प्रत्येक सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते स्वतः बघा. आणि रिफिलला जाणारे सिलिंडर तसेच पाठवू नका. मैदानात पत्र्याच्या डब्यात कागद पेटवा आणि वॉचमन, मावशी, पोरी यांच्या हातून ते वापरून घ्या. पिन ओढायची, नळी ज्वाळांच्या बुडाशी धरायची, दांडी दाबून डावी-उजवीकडे फिरवायची. सहा किलोच्या सिलिंडरची पावडर पंधरा-वीस सेकंदांत संपते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मोठ्या आगीपुढे कुणी शूरपणा करत नाही. आधी मेन स्विच बंद, आग कचऱ्याच्या टोपलीएवढी असेल तरच सिलिंडर, नाहीतर खोलीचं दार ओढून बाहेर.

मॉक ड्रिल रात्री घ्या. सकाळी अकराला, फोटोग्राफर बोलावून केलेल्या ड्रिलमध्ये सगळ्यांच्या पायात चपला असतात. रात्रीच्या हजेरीची आणि रजेवरच्या मुलींच्या यादीची प्रत गेटवरच ठेवा. ऑफिस जळत असेल तर तिथलं रजिस्टर काय कामाचं! जमायची जागा झाडाखाली नको आणि बंब वळतो त्या रस्त्यावर तर नकोच. गेटसमोर आडव्या लावलेल्या स्कूटी आजच हलवा.

आपल्याकडे बिबट्याचं पान आराखड्यात हवंच. दिसला की वनविभागाच्या 1926 वर फोन, पोरी आत, दारं बंद, आणि तो आला ती वाट मोकळी. शूटिंग करायला धावणारी गर्दी त्याला कोंडते आणि कोंडलेला बिबट्या अंगावर येतो. मेसचं खरकटं उघड्यावर पडलं की कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागावर तो, म्हणून झाकणाचा डबा ठेवा आणि अंधार पडायच्या आत रिकामा करा.

पुराचं पाणी उंचावरच्या आवारात शिरणार नाही, पण रस्ते अडतात. 2008, 2016 आणि 2019 चे पूर नाशिककर विसरलेले नाहीत. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या (याच मूर्तीवरून नाशिककर पुराची पातळी मोजतात) कमरेला पाणी लागल्याची बातमी आली, की नदीपलीकडच्या पंचवटीतून येणारा स्वयंपाकी उद्या पोहोचेलच असं धरू नका. दोन दिवसांचा डाळ-तांदूळ, पिण्याचं पाणी आणि जनरेटरचं डिझेल पावसाळाभर राखून ठेवा. पोरींना रामकुंडावर पूर बघायला जायची परवानगी नाही, रडल्या तरी.

गेटवरच्या फोनशेजारी जाड अक्षरात लिहा: 112, आगीला 101, ॲम्ब्युलन्सला 108, गॅसगळतीला 1906, जिल्हा आपत्ती कक्ष 1077. त्याखाली बोलायचं वाक्यही लिहून ठेवा, कारण घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही. ‘मी अमुक वसतिगृहाच्या मागच्या गेटवरून बोलतोय, दुसऱ्या मजल्यावर आग आहे, गाडी मागच्या गेटने आणा, मी टॉर्च घेऊन रस्त्यावर उभा आहे.’

सिक्युरिटीचं कंत्राट बदललं की हे सगळं शून्यावर येतं. नवा वॉचमन रुजू झाला, की पहिल्याच संध्याकाळी त्याला मेन स्विच, मागचा जिना आणि पाण्याचा व्हॉल्व्ह दाखवा, आणि तिन्ही त्याच्याकडून उघडून-बंद करून घ्या.