‘न्यूज’ शब्दाच्या या चुका टाळा

फळ्यावर अधिकचं मोठं चिन्ह, चार टोकांना नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. पहिली अक्षरं जोडली की न्यूज! चारी दिशांकडून येते ती बातमी. पाचवीत हे मी वहीत उतरवून घेतलं आणि पुढे कित्येक वर्षं दुसऱ्यांनाही मोठ्या विश्वासाने सांगत राहिलो. ही व्युत्पत्ती साफ चुकीची आहे.

‘न्यू’ म्हणजे नवा, त्याला अनेकवचनाचा ‘एस’ लागला आणि ‘नव्या गोष्टी’ असा शब्द तयार झाला. बातमी या अर्थाने तो १५व्या शतकात रुळला. फ्रेंचमध्येही बातम्यांना ‘नूव्हेल’ म्हणतात आणि त्याचाही अर्थ ‘नव्या’ असाच. इंग्रजीने वळण घेतलं ते तिथूनच. आपण तरी भेटल्यावर काय विचारतो? ‘काय नवीन?’ हा नुसता योगायोग नाही बरं का, संस्कृतातला ‘नव’ आणि इंग्रजीतला ‘न्यू’ हे एकाच कुळातले शब्द आहेत. मला तर दिशांच्या गोष्टीपेक्षा हे नातं कितीतरी सुंदर वाटतं.

तरीही कुणी दिशांवर अडून बसलं, तर जुनी स्पेलिंग दाखवा. पूर्वी ‘डब्ल्यू’ आणि ‘एस’ यांच्यामध्ये आणखी एक ‘ई’ किंवा ‘आय’ लिहीत. त्या अक्षराला पाचवी दिशा कुठून आणायची? शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची पद्धत खऱ्या अर्थाने फोफावली ती २०व्या शतकात. अशा शब्दांसाठीचं ‘अ‍ॅक्रोनिम’ हे नावसुद्धा इंग्रजीत १९४०च्या दशकात रुळलं. त्यामुळे शेकडो वर्षं जुन्या शब्दाचा कुणी ‘फुल फॉर्म’ सांगितला, की आधी शब्दकोश उघडा.

आता व्याकरण. ‘एस’ दिसला म्हणून ‘द न्यूज आर’ लिहू नका, ‘द न्यूज इज’ असंच लिहा. ही चूक होते ती शब्दाच्या जन्मामुळेच, कारण मुळात तो अनेकवचनीच होता. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘दीज न्यूज’ असा अनेकवचनी प्रयोग सापडतो आणि ‘द टेम्पेस्ट’मध्ये ‘द बेस्ट न्यूज इज’ असा एकवचनीही. पुढे एकवचन टिकलं.

पण एकवचन म्हणून ‘अ न्यूज’ मात्र चालत नाही. मराठीत ‘एक बातमी’ म्हणतो, त्यामुळे इथे हमखास घसरायला होतं. माझ्याच एका अर्जात ‘आय हॅव अ न्यूज’ होतं. तपासणाऱ्याने ‘अ’भोवती लाल गोल केला आणि वर ‘सम’ लिहिलं. एकच बातमी आहे हे सांगायचं असेल तर ‘अ पीस ऑफ न्यूज’ किंवा ‘अ न्यूज आयटम’ म्हणा.

उच्चारात शेवटचा ‘ज’ ‘जागा’तल्यासारखा काढा, ‘जग’मधल्यासारखा नको.