गर्भाशयाचा सिरस कर्करोग : रिपोर्ट हाती आल्यावर काय करावे

पाळी कायमची बंद झालेल्या बाईच्या अंगावरून पुन्हा लाल गेले, मग ते एकदाच आणि थेंबभर का असेना, तर आठवड्याभरात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर ४ मिलिमीटरहून पातळ आढळले की सहसा धीर दिला जातो. परंतु सिरस कर्करोग, म्हणजे अस्तराच्या कर्करोगाचा एक आक्रमक प्रकार, बहुधा अशा सुकलेल्या, पातळ अस्तरातच उगवतो, त्यामुळे रक्तस्राव पुन्हा झाला तर अस्तराचा तुकडा तपासून घेण्याचा आग्रह धरावा. पॅप चाचणी गर्भाशयमुखासाठी असते. ती चांगली आली म्हणून येथे निश्चिंत होता येत नाही.

अस्तराच्या कर्करोगाचा नेहमीचा प्रकार लठ्ठपणा आणि इस्ट्रोजेनच्या अतिरेकाशी जोडलेला असतो. सिरसचे तसे नाही. साठीनंतर, सडपातळ स्त्रीलाही तो होतो आणि त्याच्या बहुतेक गाठींमध्ये टीपी५३ या जनुकात बिघाड आढळतो. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन हे औषध घेतलेले असेल किंवा घरात आई, मावशी, बहीण यांपैकी कोणाला स्तनाचा अथवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. अस्तराच्या एकूण कर्करोगांत याचे प्रमाण सुमारे १० टक्के असले, तरी मृत्यूंमध्ये त्याचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास आहे.

म्हणूनच रिपोर्टमध्ये ‘सिरस’ हा शब्द दिसल्यावर जवळच्या दवाखान्यात घाईने पिशवी काढून घेऊ नये. हा आजार गर्भाशयाच्या स्नायूत फारसा न शिरताही बीजनलिकांवाटे पोटाच्या आवरणावर पसरू शकतो. त्यामुळे गर्भाशय, नलिका आणि अंडाशय काढण्याबरोबरच लसिकाग्रंथी व पोटातील चरबीचा पडदा तपासणारी शस्त्रक्रिया लागते, आणि ती स्त्रीरोग-कर्करोग शल्यविशारदाकडून व्हावी. पिशवीचे पोटात तुकडे करून ती बाहेर काढणे तर टाळलेच पाहिजे. माझ्या मते तज्ज्ञांच्या तारखेसाठी थोडे थांबणे अपुऱ्या शस्त्रक्रियेपेक्षा पुष्कळ बरे.

तुकडा जेथे तपासला तेथून स्लाइड आणि तो तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक, दोन्ही मागून घ्यावेत (नुसता कागद पुरत नाही), कारण मोठ्या रुग्णालयात त्यावरच फेरतपासणी होते. गाठीतील प्रथिने पाहणाऱ्या पी५३, हर२ आणि एमएमआर या चाचण्या झाल्या आहेत का, हेही विचारावे. हर२ वाढलेले असल्यास, विशेषतः आजार पसरलेला असताना, किमोसोबत ट्रास्टुझुमॅब हे हर२ला रोखणारे औषध देता येते.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेकींना कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल यांची किमो दर २१ दिवसांनी, साधारण सहा वेळा दिली जाते; काहींना योनिमार्गातून किंवा बाहेरून रेडिएशनही लागते. हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, शर्टाचे बटण लावताना बोटे अडखळू लागली, तर पुढच्या डोसाआधी सांगावे, कारण मात्रा बदलता येते. किमोच्या काळात १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप गेल्यास मात्र क्रोसिन घेऊन घरी थांबू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.

खर्चासाठी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) शस्त्रक्रियेच्या आधीच भेटून मंजुरीचे काम सुरू करावे.

आजार उलटण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत अधिक असल्याने त्या काळात दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी होते. मधल्या काळात पुन्हा लाल गेले, पोट फुगू लागले किंवा दोन घासांतच पोट भरल्यासारखे वाटू लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.