पाळीव पक्षी आजारी पडल्यास प्रतिजैविक देण्यापूर्वी काय करावे?

कोल्हापुरात पावसाची झड लागली की गॅलरीतल्या पिंजऱ्यातील राळे-बाजरी ओलसर होते, तिला बुरशी धरते आणि एखादा बजरीगर (पिंजऱ्यात पाळला जाणारा छोटा पोपट) पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून दांडीवर बसून राहतो. अशा वेळी घरात उरलेली प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून पाण्याच्या वाटीत टाकण्याची सवय आधी सोडावी. 35 ग्रॅमच्या बजरीगराचे वजन 70 किलोच्या माणसाच्या दोन हजाराव्या भागाइतके असते, त्यामुळे मात्रा चिमटीने ठरत नाही. शिवाय आजारी पक्षी पाणी कमी पितो आणि कडवट पाण्याला तर तोंडही लावत नाही. औषध असे अपुरे पोटात गेले की दाद देणारे जिवाणू मरतात आणि न देणारे वाढत राहतात. त्यांची प्रतिकाराची जनुके दुसऱ्या जातीच्या जिवाणूंतही जाऊ शकतात, म्हणून पिंजरा साफ करणाऱ्या माणसालाही याचा धोका असतो.

प्रथम पक्षी वेगळ्या पिंजऱ्यात, वाऱ्यापासून दूर, उबदार जागी ठेवावा आणि स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर त्याचे वजन करून तारखेसह लिहून ठेवावे. पक्षी दुखणे शेवटपर्यंत लपवतो. वजन मात्र आधीच उतरू लागते.

मग पिंजऱ्याच्या तळाशी स्वच्छ प्लास्टिकचा कागद अंथरावा. निरोगी विष्ठेत हिरवट किंवा तपकिरी मळ, पांढरा चुन्यासारखा भाग आणि थोडे स्वच्छ पाणी असे तीन भाग वेगळे दिसतात. ताजी विष्ठा, टरफले टाळून, औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक डबीत भरावी आणि त्याच दिवशी, औषधाचा पहिला थेंब देण्यापूर्वी, पशुवैद्यकाकडे न्यावी. कल्चर-सेन्सिटिव्हिटी तपासणीत जिवाणू वाढवून त्यांच्यावर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती पुरेसे मोठे मोकळे वर्तुळ उमटते, ते औषध चालण्याची शक्यता असते. अहवालाला काही दिवस लागतात. पक्षी अत्यवस्थ असल्यास डॉक्टर आधी औषध सुरू करून नंतर बदलतात. एश्चेरिशिया कोलाय किंवा क्लेब्सिएला हे जिवाणू सापडले तरी प्रत्येक वेळी उपचार लागतोच असे नाही, तो निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

औषध सुरू झाल्यावर खरी कसोटी मालकाची असते. सिटॅकोसिसवर (पक्ष्यांकडून माणसालाही होऊ शकणारा जिवाणूजन्य आजार) डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा कोर्स रूढ पद्धतीनुसार 45 दिवसांचा असतो आणि पक्षी आठवड्यातच चिवचिवू लागला, तरी तो डॉक्टरांना न विचारता थांबवू नये. या काळात पिंजऱ्यातील समुद्रफेस काढून ठेवावा, कारण त्यातील कॅल्शियम डॉक्सिसायक्लिनला बांधून ठेवते.

गच्चीवर कबुतरांची ढाबळ असणाऱ्यांनी एक पक्षी मलूल दिसताच सगळ्या थव्याला प्रतिजैविकाची पिवळी पावडर पाजू नये. माझ्या मते उरलेल्या कॅप्सूलपेक्षा हे अधिक घातक आहे.

वाळलेली विष्ठा झाडू नये. ती पाण्याने भिजवून, तोंडावर मास्क लावून पुसून घ्यावी, नंतर हात साबणाने धुवावेत आणि पाण्याची वाटी पुन्हा ठेवताना ती दांडीखाली येणार नाही असे पाहावे.